कॉपी परत मिळेल का?

"मॅडम, रेझ्युमेची कॉपी परत मिळेल का?"

दार अर्धवट उघडून तो पुन्हा आत डोकावला, तेव्हा मी यादीत पुढच्या मुलाचं नाव शोधत होते. मार्चमधला शनिवार. हिंजवडी फेज टूमधली आमची तिसऱ्या मजल्यावरची कॉन्फरन्स रूम, बोटं आखडतील इतका गार एसी, आणि बाहेर पॅसेजमध्ये डिओ, घाम आणि नव्या फॉर्मल बुटांच्या रबराचा मिळून झालेला एक वास. त्याचा इंटरव्ह्यू संपून दोन मिनिटंही झाली नव्हती. अजून दोन ठिकाणी जायचंय, म्हणाला, आणि ही शेवटचीच कॉपी आहे. ती माझ्यासमोर पडली होती. जाडसर, किंचित पिवळट बॉन्ड पेपर, वरच्या कोपऱ्यात टाय लावलेला रंगीत फोटो. टाय स्टुडिओवाल्याचा असणार, गाठ एका बाजूला कलली होती. आणि त्या फोटोच्या अगदी शेजारी मी निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलं होतं: २.५. खाली 'कम्युनिकेशन वीक'. त्याखाली फुली. मी कागद पालथा घातला. "नाही रे, सगळं एचआरला जमा करावं लागतं," असं म्हणाले. साफ खोटं. संध्याकाळी ते कागद श्रेडरमध्ये जातात. "बरं मॅडम, चालेल," तो म्हणाला, आणि आवाज होऊ नये म्हणून हँडल धरून ठेवत त्याने दार लावलं.

चालेल म्हणाला.

त्या दिवशी सकाळी २१४ मुलांनी परीक्षा दिली होती. ॲप्टिट्यूड, थोडं इंग्रजी, थोडं कोडिंग. दुपारपर्यंत ९० उरले. आम्ही तीन पॅनल, म्हणजे माझ्या वाट्याला ३० जण आणि प्रत्येकाला फार तर बारा मिनिटं. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे ६० टक्क्यांच्या वर, बॅकलॉग नको, मध्ये गॅप नको. ही चाळणी कुणी, कधी ठरवली ते कंपनीत आता कुणालाच आठवत नाही, पण ती आहे. हा मुलगा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. सरासरी ६८, एका सेमिस्टरला ५४. मी त्याला अगदी साधा प्रश्न दिला: आकड्यांच्या यादीतून दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोध. त्याने यादी चढत्या क्रमाने लावून घेतली आणि शेवटून दुसरा उचलला. "सगळ्यांत मोठा आकडा दोनदा आला असेल तर?" मी विचारलं. तो थांबला. चूक कळल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पेनाचं टोक बरोबर त्या ओळीवर जाऊन टेकलं. मग तो इंग्रजीत बोलू लागला. दोन वाक्यं झाली, तिसऱ्यात अडकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मराठीत सांगू का?" माझ्याबरोबर पॅनलवर विजयवाड्याचा सहकारी होता. मी म्हणाले, "ट्राय इन इंग्लिश." त्याने ट्राय केलं. ५४ टक्क्यांचं विचारलं तेव्हा म्हणाला की त्या वर्षी वडील ॲडमिट होते. एका शनिवारात अशी कारणं आठ-दहा तरी ऐकू येतात. नववं ऐकताना कान आपोआप मिटतो. मी फुली मारली.

त्याच संध्याकाळी सात वाजता मला सेनापती बापट रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात जायचं होतं. आमच्या इंजिनीअरिंगचं वरचं पद चार महिने रिकामं होतं आणि त्यासाठी एका गृहस्थांना 'सहज भेटायचं' होतं. हा इंटरव्ह्यू नाही, असं आमच्या एचआर प्रमुखांनी मला दोनदा बजावलं होतं. त्या पातळीला इंटरव्ह्यू नसतात, गप्पा असतात. लॉबीत मोगऱ्याचा कृत्रिम वास, कोपऱ्यात कुणी तरी पियानोवर जुनी हिंदी गाणी वाजवत होतं. गृहस्थ आले. पन्नाशीतले, बिनटायचे, पायात साधे कॅनव्हासचे बूट. रेझ्युमे पाठवला होता का, असं मी विचारलं तर हसले. "आहे कुठे तरी. सहा-सात वर्षांत अपडेटच केला नाही हो." माझं माहेर मिरजेचं म्हटल्यावर त्यांनी लगेच मराठी सुरू केलं. त्यांची आजी मिरजेची. मग सतारमेकर गल्ली झाली, भोपळे वाळत घालतात त्या गच्च्या झाल्या, पंधरा मिनिटं कशी गेली कळलंही नाही. मी नोकरीतला माणूस आहे म्हणून एक प्रश्न विचारला: मागच्या कंपनीत तुम्ही उभं केलेलं प्रॉडक्ट दोन वर्षांत बंद का पडलं? त्यांनी कपातला फेस चमच्याने बाजूला सारला आणि म्हणाले, "मार्केट तयार नव्हतं." मी मान डोलावली. रात्री घरी जाऊन ईमेल लिहिली: विचारांत स्पष्टता, उत्तम संवादकौशल्य.

दोन कॅपुचिनोंचं बिल टॅक्स धरून नऊशेच्या वर गेलं. कंपनीने भरलं.

त्यांना का घेतलं आणि त्याला का नाही, याबद्दल मला शंका नाही, हे आधीच सांगून टाकते. गृहस्थ रुजू झाले, कामाला चोख आहेत, माणसं त्यांच्याकडे टिकतात. आणि त्या मुलाचा कोड चुकलाच होता. उद्या पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तर मी बहुधा पुन्हा अडीचच देईन. टोचतं ते वेगळंच. वडील ॲडमिट होते, ही सबब. मार्केट तयार नव्हतं, हे विश्लेषण. एकाला बारा मिनिटांत, परक्या भाषेत, कागदावर पेनाने स्वतःला सिद्ध करायचं होतं, आणि तो चुकला असता तर कंपनीचं नुकसान किती? सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि एक लॅपटॉप. दुसरा चुकला असता तर शंभर माणसांचं वर्ष वाया गेलं असतं, आणि त्याच्याशी आम्ही भोपळ्यांबद्दल बोललो.

मी स्वतः त्या रांगेत उभी राहिलेली आहे, त्यामुळे मला हे नवीन नसायला हवं होतं. सांगलीला शेवटच्या वर्षाला असताना, २००० सालच्या पावसाळ्यात, कॉलेजात एक कंपनी आली. ड्रॉइंग हॉलमध्ये, उतरत्या फळ्यांच्या टेबलांवर आम्ही तीनशे जण परीक्षेला बसलो. पेन्सिल घरंगळू नये म्हणून डाव्या हाताने धरायची आणि उजव्याने गोल काळे करायचे. माझा रेझ्युमे विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत टाइप केलेला, तासाला चाळीस रुपये, आणि फ्लॉपी करप्ट झाली म्हणून दोनदा टाइप केलेला. 'हॉबीज'मध्ये रीडिंग, ट्रेकिंग लिहिलं होतं. ट्रेकिंग म्हणजे दंडोबाच्या डोंगरावर एकदा गेले होते. माझी निवड झाली. अप्पांना एसटीतली नोकरी १९७४ साली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर लागली होती. ते कार्ड आणि माझं ऑफर लेटर त्यांनी गोदरेजच्या कपाटात एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. अमेरिकेत फुटलेल्या डॉटकॉमच्या फुग्याचे पडसाद पुढे इथवर आले, आणि २००१च्या जुलैत जॉइनिंगऐवजी पोस्टाने एक पत्र आलं. 'सध्याची व्यावसायिक परिस्थिती पाहता' तारीख पुढे ढकलली आहे. मग अजून एक पत्र. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर कोसळताना आम्ही शेजारच्यांकडे टीव्हीवर पाहिले, आणि आईने तिथेच हळूच विचारलं, "याचा तुझ्या नोकरीशी काही संबंध आहे का गं?" होता. तिसरं पत्र त्यानंतर आलं. सात महिने मी मिरजेत दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि संध्याकाळी भाजी आणायला जायचं टाळलं, कारण वाटेत प्रत्येक जण विचारायचा.

असं २००९ साली पुन्हा झालं, पुढच्या कुठल्या तरी बॅचला. परवा-परवा, २०२२-२३ नंतर, पुन्हा. पत्राच्या जागी ईमेल आली, मजकूर तोच.

पाच वर्षांचा अनुभव झाल्यावर पहिल्यांदा नोकरी बदलली, आणि मला वाटलं आता चित्र पालटेल. थोडं पालटलंही. चहा विचारला, बिस्किटं ठेवली. पण तो कोड्यांचा जमाना होता. मॅनहोलचं झाकण गोल का असतं? आठ चेंडूंतला एक जड, तराजू दोनदाच वापरायचा. चार माणसं, एक पूल, एक टॉर्च. ही सगळी कोडी फॉरवर्ड होऊन प्रत्येकाच्या इनबॉक्सात पडलेली असायची, त्यामुळे खरी परीक्षा असायची ती उत्तर माहीत नसल्याचं नाटक करण्याची. मी टॉर्चच्या कोड्यात दोनदा मुद्दाम चुकले, कपाळाला हात लावला आणि मग 'अरे हां' म्हणाले. समोरचा खूश. २०१३ साली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीरच सांगून टाकलं की असल्या कोड्यांवरून माणसाबद्दल काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं एवढंच. ते वाचून मला त्या टॉर्चवाल्याची आठवण झाली. शेवटी एचआरच्या बाईंनी विचारलं होतं, "लग्नानंतर काय प्लॅन?" लग्न ठरलेलं नव्हतं. मी म्हणाले, "पुण्यातच राहणार." दोघी हसलो. बाहेर आल्यावर रिक्षात बसले आणि ते हसू चेहऱ्यावरून काढून टाकायला मला बराच वेळ लागला.

मधल्या पातळीवरच्या भरतीत मात्र दोन्ही बाजू एकमेकांना थोडं-थोडं फसवतात, आणि दोघांनाही ते माहीत असतं. मंडईत कोथिंबिरीचा भाव करतात तसं. सध्याचा पगार किती, त्यावर किती टक्के, नोटीस पिरियड किती. पूर्वी महिनाभराची नोटीस असायची, आता नव्वद दिवस सर्रास झाले आहेत. आणि हे नव्वद दिवसच सगळ्या खेळाचं मैदान. राजीनामा द्यायचा, एक ऑफर खिशात घालायची, ती दाखवून दुसरी मिळवायची, दुसरी दाखवून तिसरी. २०२२च्या एप्रिल ते जून तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीतलं नोकरी सोडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं, आणि त्याआधीच्या वर्षात टीसीएसने एक लाख फ्रेशर घेतले होते. ते दिवस मी विसरणार नाही. सोमवारी सकाळी रिसेप्शनवर पाच जणांच्या जॉइनिंग किट मांडून ठेवलेल्या असायच्या, पाण्याची बाटली, डायरी, नावाचं कार्ड, आणि दुपारपर्यंत दोघेच उगवायचे. बाकीच्यांचे फोन बंद. आम्ही चिडायचो, मूल्यं उरली नाहीत वगैरे म्हणायचो. मला आत कुठे तरी बरंही वाटायचं, ही गोष्ट मी कुठल्याच मीटिंगमध्ये बोलले नाही. पोस्टाने तीन पत्रं पाठवणाऱ्यांना कुणी तरी फोन बंद करून दाखवत होतं.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा जास्त केविलवाणी असते. फ्रेशरच्या रांगेतून कुठेच शिरकाव होत नाही म्हटल्यावर काही मुलं कुणाकडून तरी तीन वर्षांचा अनुभव विकत घेतात. कंपनीचं लेटरहेड, सॅलरी स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळा संच. कर्वेनगर, डेक्कनच्या आसपास एका खोलीत सहा जण कॉट बेसिसवर राहायचं, 'फुल स्टॅक, शंभर टक्के प्लेसमेंट' असा बोर्ड लावलेल्या क्लासची फी भरायची, आणि वर हा खर्च. आमच्याकडे असा एक जण आला होता. कामाचं ज्ञान बऱ्यापैकी होतं, प्रश्नांची उत्तरं ठीक दिली. मी सहज विचारलं, जुन्या ऑफिसच्या आसपास जेवायला कुठे जायचात? त्याला काही सुचेना. खराडीत तीन वर्षं काम केलेल्या माणसाला एकही टपरी आठवू नये? पुढे पीएफची नोंद तपासली तेव्हा ती निघालीच नाही. नियमाप्रमाणे त्याला काढलं, आणि त्याचं नाव कुठल्या तरी यादीत कायमचं गेलं. मला अजून वाटतं की मी तो टपरीचा प्रश्न विचारायला नको होता. आणि असंही वाटतं की विचारला ते बरोबरच केलं.

वर चढत गेलं की कागद पातळ होत जातो. पाच वर्षांवर माझा रेझ्युमे आठ पानी होता, प्रत्येक प्रोजेक्टची टीम साइज आणि तंत्रज्ञानाची जपमाळ. पंधरा वर्षांवर तो दोन पानांवर आला. सध्याच्या कंपनीत आले तेव्हा कुणी मागितलाच नाही. वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्या एका सर्च फर्मच्या बाईंनी फोन केला. या फर्म अशा नेमणुकीसाठी पहिल्या वर्षाच्या पगाराचा चौथा ते तिसरा हिस्सा फी म्हणून घेतात, त्यामुळे आवाजात लोणी असतं. मग कोण कोणाला ओळखतं याची चौकशी झाली. माझ्या जुन्या बॉसला कुणी तरी विचारलं, त्याने कुणाला तरी सांगितलं. लग्नाच्या स्थळाची गावात जशी गुपचूप माहिती काढतात, अगदी तसंच: मुलगी कशी आहे, घरात भांडते का, आधीचं ठरलेलं का मोडलं. मला एकही तांत्रिक प्रश्न विचारला गेला नाही. त्या रात्री मी आनंदात होते, आणि नवऱ्याला म्हणाले, "अखेर लोकांनी कामावर विश्वास ठेवला." आता त्या वाक्याचं हसू येतं. ठेवला होता तो माझ्या जुन्या बॉसच्या शब्दावर, आणि त्या वर्तुळात माझी खुर्ची होती म्हणून. त्या मुलासाठी शब्द टाकणारं कोण होतं? डिप्लोमाच्या कॉलेजचे एचओडी?

अर्थात हा पातळ कागद फसवाही असतो. २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या पातळीवरचे. त्यानंतरच्या आठवड्यात मला वेगवेगळ्या कंपन्यांतल्या चार जुन्या ओळखीच्या माणसांचे फोन आले. चौघेही वीस-बावीस वर्षं अनुभवाचे. एकाने खूप आढेवेढे घेत विचारलं, "तुझ्याकडे रेझ्युमेचा एखादा चांगला फॉरमॅट आहे का गं? मी शेवटचा २००७ला केला होता." मला फॉरमॅट सापडेना. माझ्याकडेच नव्हता. त्या रविवारी मी लॅपटॉपवर कोरी फाइल उघडून बसले, वर नाव टाइप केलं, आणि पुढे कर्सर नुसता लुकलुकत राहिला. तेवीस वर्षांत मी नक्की केलं काय? मीटिंगा घेतल्या. माणसं निवडली. आणि कोड? कुणी समोर बसवून दुसऱ्या क्रमांकाचा आकडा शोधायला सांगितला, तर मीसुद्धा आधी यादी लावून शेवटून दुसराच उचलेन.

तो बॉन्ड पेपर मी श्रेडरमध्ये टाकला नव्हता. का ते सांगता येणार नाही. इतर कागद दिले, तो पर्समध्ये राहिला, तिथून टेबलाच्या खणात. त्या रविवारी तो काढला. फोन नंबर आहे, गाव आहे, परभणी जिल्ह्यातलं. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये लिहिलंय, हार्डवर्किंग. लिंक्डइनवर त्या नावाची बरीच मुलं आहेत आणि टाय लावला की सगळी सारखी दिसतात. फोन करावा असं एकदा मनात आलं. पण करून बोलायचं काय? तुझी कॉपी माझ्याकडे आहे, ये घेऊन जा? तिच्यावर माझी फुली आहे. खोडरबराने बॉलपेनची शाई जात नाही, कागद तेवढा पातळ होतो. मी करून पाहिलं. त्याच्या फोटोशेजारी आता एक मळकट, केसाळ डाग आहे आणि त्यातून अडीच अजून वाचता येतात.

या वर्षीच्या भरतीच्या ड्राइव्हसाठी मी अप्सराच्या पेन्सिलींचं एक पाकीट आणलं. कॉपी मागितली तर देता येईल, एवढाच हिशेब. आणखी एक ठरवलं होतं, की कुणी मराठीत सांगू का विचारलं तर सांगू द्यायचं. विजयवाड्याच्या सहकाऱ्याला मी समजावून सांगेन, त्याला काही घाई नसते. एचआरमधल्या मुलीला पेन्सिली द्यायला गेले तर ती बघतच राहिली.

"मॅडम, या वेळी पेपर नाहीये. सगळं ऑनलाइन. मुलं घरून परीक्षा देणार, पहिला राउंड सिस्टिमच घेते, रेकॉर्ड करून स्कोअर देते. तुमच्याकडे फक्त शेवटचे वीस येतील."

पाकीट मी माझ्या मुलीला दिलं. ती नववीत आहे, भूमितीला लागतात.